गुंडप्पाचा श्रावण

खरेदी कशी करावी हे अख्ख्या सोलापुरात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस मी आहे! हे मला स्वतःच्याच तोंडानं सांगावं लागतंय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. आमच्या विमा ऑफिसात कुणाला पंखा घ्यायचा असो नाहीतर कुकर, तो आधी माझ्या टेबलापाशी येतो. म्हणजे मीच बोलावतो. "थांबा थांबा! सुबोधला विचारल्याशिवाय घेऊ नका!" साधी मेथीची जुडी घेतानासुद्धा मी सगळा बाजार फिरून येतो आणि मग पहिल्या बाईकडं परत जातो. तोवर तिची मेथी संपलेली असते, ही गोष्ट वेगळी. पण फसलो नाही, हे समाधान असतं की नाही?

आमचा मिक्सर निवडायला मला एक हिवाळा आणि एक उन्हाळा लागला. तेवढे दिवस माझी बायको देवयानी खालच्या मजल्यावर, घरमालकीणबाईंच्या मिक्सरवर चटणी वाटून आणत होती. एकदा म्हणाली, "लग्नाच्या वेळी मुलगी बघताना एवढा वेळ का नाही घेतला?"

मी म्हटलं, "घेतला असता! तुझ्या बाबांनीच घाई केली."

यावर ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर असा हा मी, आणि माझ्या कुत्र्याला खाज सुटली.

कुत्र्याचं नाव गुंड्या. डोळे सदऱ्याच्या गुंडीएवढे, म्हणून गुंड्या. जात शुद्ध गावठी, रंग तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. देवयानी वैरागला मावशीकडं गेली होती, तिथं एसटी स्टँडवर हा तिच्या मागं लागला. तिनं त्याला भाजीच्या पिशवीत घातलं आणि सोलापूरला आणलं. तेव्हापासून तो तिचा जीव की प्राण! तिनं त्याला एकच शिस्त लावली, पण ती अशी पक्की की काय सांगू. पुढ्यात काहीही ठेवा, "घे" म्हटल्याशिवाय तो तोंड लावत नाही. लाळ जमिनीला टेकेल, पण तोंड ताटाला टेकणार नाही! "ही शिस्त मला तुम्हाला लावता आली नाही," असं ती पाहुण्यांसमोर सांगते.

आमचं बिऱ्हाड जुळे सोलापुरात, वरच्या मजल्यावर. खाली घरमालक चनबसप्पा अण्णा आणि त्यांच्या मंडळी निंगव्वाकाकू. अण्णांचा जन्म दुधनीच्या बाजारात ज्वारी आणि तुरीचा व्यापार करण्यात गेला. आता व्यापार मुलाकडं दिलाय आणि अण्णांकडं दोनच कामं उरलीत. एक महादेवाची पूजा, दुसरं जिना पुसणं. अण्णांच्या भाच्यानं दुधनीत फिनेलचा कारखाना टाकलाय. तिथून हिरव्यागार फिनेलचे डबेच्या डबे येतात आणि अण्णा सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं जिना धुऊन काढतात. आमच्याकडं येणारा पाहुणा अर्ध्या जिन्यातच हळू आवाजात विचारतो, "कोण ॲडमिट आहे?"

गुंड्याची लाडकी जागा म्हणजे याच जिन्याची सगळ्यात खालची पायरी. गार फरशीवर पोट टेकून दिवसभर पडायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघायचं. तिथंच तो खाजवायचा. खाजवताना मागचा पाय लोखंडी गेटवर आपटायचा. धडधडधड! आणि गेटाच्या अगदी पलीकडं अण्णांचं देवघर.

"सुबोधराव!" एक दिवस अण्णा वरच आले. "आवो, मी पूजेत डोळं मिटलं की ह्यो दार वाजवतोय. मला वाटतं देव आला. उगडून बगतो तर कुत्रं!"

"औषध चालू आहे अण्णा."

"औषध न्हाय की मलम न्हाय! आमचा धाकटा भाऊ निंगप्पा दुधनीला शेतावर राखनीला कुत्रं मागतोय. खाज जाती का बगा, न्हायतर कुत्रं जाईल. आता लई दिस न्हाय देणार मी."

अण्णा गेले. देवयानी गुंड्याला पोटाशी धरून बसली होती. तिचे डोळे भरलेले होते आणि आवाज मात्र चढलेला.

"ऐकून ठेवा. गुंड्या दुधनीला गेला तर मीही दुधनीला जाईन. मग तुमचं जेवण तुम्हीच निवडा!"

मी त्याच संध्याकाळी गुंड्याला स्कूटरवर पुढं उभा करून डॉक्टरांकडं नेला. जनावरांचे डॉक्टर यज्ञेश्वर म्हणजे हातगुण असलेला माणूस. पण दवाखान्यात ही गर्दी! एका बाईच्या मांडीवर मांजर, एकाच्या खांद्यावर पोपट आणि टेबलाशेजारी एक शेळी, जिचं तोंड क्षणभर बंद नव्हतं. डॉक्टरांनी गुंड्याला उताणा केला, पोट बघितलं, पंजे उचलून त्यांचा वास घेतला आणि मान हलवली.

"सगळं पोटालाच आहे बघा हे."

"मला वाटलंच होतं!" मी म्हटलं. "पोटाचंच आहे. खाण्यातून!"

डॉक्टर काहीतरी बोलायला लागले आणि शेळीनं सूर लावला. मला ऐकू आलं ते असं: "ग्रेन फ्री…" "बेंऽऽ!" "…बंद करा. अगदी थेंबभर…" "बेंऽऽ!" "…फरक पडेल महिन्यात."

"ग्रेन-फ्री!" मी ओरडलो.

"हो हो, तेच," शेळीला थर्मामीटर लावत डॉक्टर म्हणाले. "एकदम बंद!"

बघा! दुसरा कुणी असता तर 'म्हणजे काय हो' विचारत बसला असता. पण मी वाचणारा माणूस. परदेशात कुत्र्यांना असं कोरडं खाणं देतात की ज्यात गहू नाही, तांदूळ नाही, मका नाही. कुठलंच धान्य नाही. तेच हे ग्रेन-फ्री! थेंबभर धान्य म्हणजे काय, एवढंच मला कळलं नाही, पण डॉक्टर लोक बोलतात तसं.

घरी आल्यावर देवयानी म्हणाली, "गावठी कुत्र्याला? डॉक्टर यज्ञेश्वर असं म्हणाले?"

"विज्ञान पुढं गेलंय देवयानी. आता निवड माझ्यावर सोड. उत्तम आणि परवडणारं असं खाणं आणतो, बघत राहा."

दुसऱ्या दिवशी मी सात रस्त्याजवळच्या प्रभुच्या दुकानात हजर. प्रभु कुत्र्या-मांजरांचं सामान विकतो. त्यानं सगळ्यात वरचं एक चकचकीत पाकीट काढलं.

"हे घ्या साहेब. एक नंबर. यातला मासा नॉर्वेचा आहे."

"नॉर्वेचा? अरे, मी अजून गोवा बघितलेला नाही!"

किंमत ऐकल्यावर मी पाकीट दोन्ही हातांनी, काच ठेवावी तसं, परत खाली ठेवलं. शिवाय मासा-कोंबडी आमच्या घरी नेणं शक्य नव्हतं. अंड्याचं टरफल जरी जिना चढलं तरी अण्णा फिनेलचा सगळा डबा ओततील. "अभ्यास करून येतो," म्हणून मी घरी आलो.

आणि इथं घोळ झाला.

श्रावण नुकताच लागला होता. मी दारात पाऊल टाकतोय तोच निंगव्वाकाकू रोजच्यासारखी कडक भाकरी घेऊन वर आल्या. आदल्या दिवसाच्या भाकऱ्या वाळवून कुरकुरीत झालेल्या, त्यातली एक गुंड्याची ठरलेली. गुंड्या शेपटीनं जमीन झाडत बसला.

"नको काकू!" मी आडवा झालो. "त्याचं धान्य बंद केलंय."

"धान्य बंद?" काकूंचा हात थांबला. "एक वेळचं?"

"दोन्ही वेळचं."

"किती दिस?"

"महिनाभर तरी."

काकूंनी आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मग गुंड्याकडं बघितलं. हळूच भाकरी पदराखाली झाकली आणि कुत्र्याला दोन्ही हात जोडले!

"अगं बाई! श्रावण धरलाय म्हना की! मानसाला जमंना, ते मुक्या जीवानं धरलं!"

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो! तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात गुंड्यानं जिन्यावर जाऊन गेट वाजवलं, धडधडधड, आणि खालून अण्णांची आरोळी आली, "सुबोधराऽऽव!" काकू कठड्यावरून वाकून कानडीत भराभर काहीतरी बोलल्या. मला त्यातलं 'श्रावण' तेवढं कळलं. मग अण्णांची पावलं, जिन्यावरून, हळूहळू. हातात फिनेलचा डबा नव्हता. असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"खरं का वो हे?"

"धान्य बंद आहे, हे अगदी खरं," मी म्हटलं. यात काही खोटं आहे का? सांगा तुम्ही!

"तुमी धरायला लावलं का त्यानंच धरलं?"

देवयानी स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत मला दुधनीची एसटी दिसली.

"त्यानंच," मी म्हणालो. "भाकरीकडं बघतसुद्धा नाही." इथं मात्र थोडं खोटं होतं.

अण्णा गुंड्यापुढं उकिडवे बसले. गुंड्यानं सवयीनं पंजा पुढं केला. अण्णांनी तो दोन्ही हातात घेतला आणि कपाळाला लावला.

"यप्पा! श्रावण धरलेल्या जिवाला मी घराभायेर काडला तर महादेव मला काय म्हनंल? ऱ्हाऊ दे त्याला. शेवटच्या सोमवारी निंगप्पा जीप घेऊन येतोय, तवर बगू. उपास तडीला गेला तर कुत्रं हितंच ऱ्हाईल. मदीच मोडला तर मात्र त्याच जीपमदी बसंल. नाव काय म्हनलासा याचं?"

"गुंड्या."

"गुंड्या काय? उपासकरी हाय त्यो. गुंडप्पा म्हना!"

अशा रीतीनं माझा कुत्रा एका दुपारीत गुंड्याचा गुंडप्पा झाला. मला या घरात राहून इतकी वर्षं झाली, पण मी अजून सुबोधप्पा झालेलो नाही.

आता खरेदी अवघड झाली. खाणं उत्तम पाहिजे, परवडणारं पाहिजे, ग्रेन-फ्री पाहिजे, आणि आता उपासाला चालणारंही पाहिजे! त्यात अण्णा म्हणाले, "मी बी येतो. जलम धान्य पारखण्यात गेला माझा. ज्यात धान्य न्हाय ते मला कळनार न्हाय का?"

प्रभुच्या दुकानात अण्णा टोपी सारखी करून उभे राहिले. "उपासाचं दाखवा," म्हणाले.

प्रभुनं माझ्याकडं बघितलं. "काका, हे कुत्र्यांचं दुकान आहे."

"कुत्र्याचाच उपास हाय."

प्रभु बिचारा गिऱ्हाइकाशी वाद न घालणारा माणूस. त्यानं ग्रेन-फ्री पाकिटं एकेक काढली आणि त्यांवरचं वाचून दाखवायला लागला. पहिल्यात हळद निघाली. "हळद उपासाला चालत न्हाय!" अण्णा गरजले. दुसऱ्यात वाटाणा आणि हरभरा.

"काका, ग्रेन-फ्रीमध्ये वाटाणा चालतो."

"कुनाला चालतो? कडधान्य हाय ते! नावातच धान्य हाय की!"

मी मधे बोलायचा प्रयत्न केला, "अण्णा, यातलं प्रोटीन बघा…" पण आज माझं कुणी ऐकत नव्हतं. शेवटी कोपऱ्यातून एक हिरव्या ठिपक्याचं पोतं निघालं. बटाटा, रताळं, शिंगाडा, खोबरं. अण्णांनी मान डोलावली. प्रभुनं उघड्या पोत्यातले चार दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. अण्णांनी ते चोळले, वास घेतला, उन्हाकडं धरून बघितले आणि, काय होतंय हे आम्हाला कळायच्या आत, एक दाणा दाढेखाली टाकून कडकन फोडला!

"काका!" प्रभु किंचाळला.

अण्णा शांतपणे चावत होते. तूर पारखताना चावावी तसं. "दाना चांगला वाळलाय," ते म्हणाले. "माल बरा हाय. मीठ जरा कमी हाय."

बस्स! अण्णांचा शिक्का पडला. आता माझा हात कोण धरणार? प्रभु म्हणत होता, "साहेब, आधी लहान पाकीट न्या. कुत्र्यानं खाल्लं तर मग मोठं…"

"प्रभु," मी म्हटलं, "परवडतं ते पोतं! मी काय आज पहिल्यांदा खरेदी करतोय?"

आणि मी दुकानातलं सगळ्यात मोठं पोतं उचललं. म्हणजे हमालानं उचललं. स्कूटरवर ते मागं बसलं आणि अण्णांना रिक्षानं यावं लागलं.

घरी देवयानीनं वाटीत दाणे घातले. "घे," म्हणाली. गुंड्यानं वास घेतला. वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मग पुढच्या पायानं वाटी हळूच माझ्याकडं सरकवली आणि तोंड फिरवून बसला.

"खाईल, खाईल," मी म्हणालो. "चांगल्या मालाची चव सावकाश लागते."

त्यानं खाल्लं नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. पण उपाशी राहिला का? छे! कॉलनीत बातमी पसरली होती. सकाळी कुणी साबुदाण्याची खिचडी आणतंय, दुपारी कुणी राजगिऱ्याची वडी, संध्याकाळी केळी. बायका वाटी देवयानीच्या हातात द्यायच्या, ती गुंड्यापुढं ठेवून हळूच "घे" म्हणायची आणि तोवर तो शहाण्यासारखा बसून राहायचा. ते बघून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. "नैवेद्य दाखवून झाल्याबिगर शिवत न्हाय बघा!" निंगव्वाकाकूंनी तर त्याला पायरीवर जाड घोंगडी अंथरून दिली. व्रतातल्या जिवानं उघड्या फरशीवर बसू नये म्हणून. लोक येता-जाता पायरीला हात लावून पुढं जायचे. आमच्या दूधवाल्यानं तर त्याच्यापुढं घंटी वाजवली.

आणि खाज? गेली! हळूहळू करत साफ गेली! गेट वाजेनासं झालं. पोटावरचे लाल चट्टे मावळले, केस आले. मी ऑफिसात टेबलावर बोटं वाजवत भाषणच दिलं. "ग्रेन-फ्री! निवड अचूक पाहिजे! बाकी काही नाही!"

"अहो," देवयानी म्हणाली, "पण तो तर त्यातला एक दाणासुद्धा खात नाही."

"घरात आहे ना? वासानंही फरक पडतो."

बघता बघता शेवटचा सोमवार आला. अण्णांनी उद्यापनाचा घाट घातला. अंगणात मांडव, महादेवाची पूजा, संध्याकाळी आरती, मग पुरणाच्या पोळ्या. सगळी कॉलनी आली. मांडवाच्या मधोमध घोंगडीवर गळ्यात झेंडूची माळ घातलेला गुंडप्पा! बाहेर निंगप्पाची जीप उभी होती. मागच्या बाजूला दोरी आणि साखळी पडलेली मला दिसली.

निंगप्पा म्हणजे धिप्पाड गडी, मिशा कानापर्यंत. त्यानं गुंड्याला वरून खाली बघितलं आणि हसला.

"अण्णा, खुळा का काय तू? कुत्रं आनि उपास? आना की भाकरी! आत्ता बगू!"

कुणी थांबवायच्या आत त्यानं अख्खी कडक भाकरी तुपात बुडवून गुंड्यासमोर ठेवली. सगळा मांडव पुढं सरकला! महिनाभर गुंड्यानं भाकरी बघितली नव्हती. त्याचा पडलेला कानसुद्धा उभा राहिला. लाळ घोंगडीवर टपटप पडायला लागली.

"तिन्नु! तिन्नु!" निंगप्पा कानडीत म्हणाला. खा, खा! पण वैरागच्या कुत्र्याला कानडी येत नव्हती. महादेवाचीच कृपा!

देवयानीनं माझा दंड एवढा घट्ट धरला की बोटं उमटली. "अहो," ती कानात म्हणाली, "कुणी 'घे' म्हणालं तर?"

अरे देवा! मराठी माणसांनी भरलेला मांडव आणि 'घे' म्हणायचं नाही? आमच्याच मागं एक बाई दुसरीला म्हणाली, "अगं, कुंकू घे…" मी जिवाच्या आकांतानं खोकलो! गुंड्यानं कान टवकारले, पण हलला नाही. पलीकडून कुणीतरी, "अरे, ताम्हण घे…" मी देवापुढची घंटा उचलून ठणाणा वाजवली! अण्णांनी मान वळवून कौतुकानं बघितलं. तिसऱ्या 'घे'ला मी थेट झांजा हाती घेतल्या आणि आरतीच सुरू केली. "हर हर महाऽऽदेव!" लोकांना वाटलं, सुबोधराव भक्तीनं वेडे झाले. मी वेडाच झालो होतो. आरती संपेपर्यंत माझ्या झांजा थांबल्या नाहीत. नंतर मला कळलं की आरतीचा एक शब्दसुद्धा कुणाला ऐकू आला नव्हता.

कापूर विझला. भाकरी तशीच! तुपासकट!

"बगितलास का निंगप्पा?" अण्णा गदगदले. "आरतीआदी शिवला न्हाय! आता हाय का बोलायला तोंड?"

मग अण्णांनी पुरणाची पोळी दुधात कुस्करली, ताट गुंड्यापुढं ठेवलं, हात जोडले आणि आदरानं म्हणाले, "घ्या गुंडप्पा. सोडा उपास."

गुंड्या बसून राहिला.

"घ्या की, घ्या!"

तो जागचा हलेना. अहो, त्याला 'घे' माहीत होतं! जन्मात कुणी त्याला 'घ्या' म्हटलं होतं का? पण मांडवात कुजबूज सुरू झाली. निंगव्वाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. "उपास सोडंना की ओ! आमचं काय चुकलं?" निंगप्पानं मुकाट्यानं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

तेव्हा देवयानी पुढं झाली, वाकली आणि त्याच्या कानात म्हणाली, "घे रे राजा."

काय सांगू! पोळी गेली, भाकरी गेली, तूप गेलं, गळ्यातली अर्धी माळ गेली! मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. देवयानी हसत होती आणि रडत होती. मलाही रडू आलं. कशाला खोटं बोलू?

त्याच आनंदात डॉक्टर यज्ञेश्वर मांडवात आले. निंगप्पाच्या म्हशी तेच बघतात, म्हणून त्यांनाही आमंत्रण होतं. गुंड्या त्यांना बघून उताणा झाला.

"वा वा!" पोटावरून हात फिरवत ते मोठ्यानं म्हणाले. "स्वच्छ झालं की! फिनेल बंद केलंत वाटतं?"

"फिनेल?" मी हसलो. "नाही हो डॉक्टर, तुम्ही सांगितलेलं ग्रेन-फ्री!"

"कसलं ग्रेन?" डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. "मी ग्रीन फिनेल म्हटलं होतं! पंजाला वास येत होता त्याच्या, नखंही हिरवट होती. फरशीवरचं ते ग्रीन फिनेल बंद करा, थेंबभरसुद्धा नको, असं सांगितलं तुम्हाला. गार फरशीवर पोट टेकून बसतो, म्हणून सगळं पोटाला! धान्याचा काय संबंध?"

मांडवातल्या सगळ्या माना हळूहळू जिन्याखाली वळल्या. तिथं हिरवे डबे ओळीनं उभे होते. मग माना घोंगडीकडं वळल्या, जिच्यामुळं गुंड्याचं पोट महिनाभर फरशीला लागलं नव्हतं. मग माझ्याकडं वळल्या. मी हातातल्या झांजा पाठीमागं लपवल्या.

अण्णा मात्र मटकन पायरीवर बसले.

"म्हंजे तरास मी दिला," ते म्हणाले, "आनि मीच त्याला काडणार हुतो?" त्यांनी गुंड्याचा पंजा हातात घेतला, आणि एवढा मोठा व्यापारी मनुष्य लहान पोरासारखा मुसमुसायला लागला. गुंड्यानं त्यांच्या गालावरचं पाणी चाटलं. त्यात पुरण लागलं, ते अण्णांना कळलंही नाही.

"अण्णा," मी घसा साफ केला, "तो उपास म्हणजे… खरं सांगायचं तर…"

"तुमचं खरं काय नि खोटं काय, ते मला म्हाईत न्हाय," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "म्होरं तुपाची भाकरी असून त्यानं तोंड लावलं न्हाय, हे समद्यांनी बगितलंय. त्याचा उपास खरा! गुंडप्पा आता हितनं हालत न्हाय. जायाचंच झालं तर तुमी जावा!"

निंगप्पाची जीप रात्री दुधनीला परत गेली. कुत्र्याच्या जागी तिच्यात फिनेलचे सगळे डबे होते. आता अण्णा जिना साध्या पाण्यानं पुसतात, तोही गुंडप्पाला 'उठता का जरा' असं विचारून. गुंडप्पा सकाळ-संध्याकाळ काकूंच्या हातची कडक भाकरी खातो. त्याला खाज नाही, बीज नाही. काकूंनी 'घे' शिकून घेतलंय. अण्णा अजून 'घ्या'च म्हणतात आणि तो बिचारा त्यांच्यासाठी तेही शिकलाय.

राहिलं ते पोतं. प्रभु परत घेईना. निंगप्पाच्या म्हशी शिवेनात. पुढच्या सोमवारी माझा उपास होता. ऑफिसातून दमून आलो, हातपाय धुऊन पाटावर बसलो, खिचडीचा वास येतोय का बघितलं. कसलाच वास येईना. देवयानीनं माझ्यासमोर एक वाटी ठेवली. वाटीत गोल, तपकिरी, चांगले वाळलेले दाणे!

"हे काय?"

"उत्तम आहे, परवडणारं आहे, ग्रेन-फ्री आहे आणि उपासाला चालतं. अण्णांनी पारखलंय." ती गोड हसली. "आणि निवड तुमची आहे!"

मी वाटीकडं बघितलं. दारातून गुंडप्पा माझ्याकडं बघत होता, अगदी सहानुभूतीनं. मी हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिलो.

देवयानी माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "घे."

तर मंडळी, अण्णा म्हणाले होते ते बरोबर आहे. माल बरा आहे. मीठ जरा कमी आहे.